पाचवी शिट्टी

९ सप्टेंबर
कांगवोन, डोंगरावरचं कुरण

त्सेरमाताई,

फोन कापलास म्हणून लिहितोय. घोडा दमवून टेकडी चढायची, रेंज शोधायची आणि माझा आवाज आला की फोन कापायचा, एवढी मेहनत तूच करू जाणे. कागद कापता येत नाही. फार तर चुलीत घालशील, पण आधी वाचशील. शाळेच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मीठ ज्या कागदात बांधून यायचं तो कागदही तू वाचल्याशिवाय टाकत नव्हतीस.

हे पत्र दांबाच्या गाडीतून येईल. त्याच्याबरोबर एक पिंजरा येईल. पिंजऱ्यात कुत्री आहे. ओरडू नकोस, पुढचं वाच.

तिचं नाव हाना. काळीपांढरी, तीन वर्षांची, कॉली जातीची. उंचीला एवढीशी, आपल्या राखणीच्या कुत्र्याच्या, हुरेलच्या पोटाखालून न वाकता जाईल. पण काम बघितलंस तर तोंडात बोट घालशील. मालक म्योंग फाटकापाशी उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. बस्स. ही डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जाऊन चारशे मेंढ्या गोळा करून त्याच्या पायाशी आणून सोडते. भुंकत नाही. चावत नाही. फक्त वाकते आणि बघते. तिने बघितलं की मेंढी वळते. पहिल्या दिवशी मी हातात शेणाचं फावडं घेऊन बघतच राहिलो. मालकाला म्हटलं, आमच्याकडे एवढ्याला दोन घोडे आणि एक धाकटा मुलगा लागतो. तो म्हणाला, "मग धाकटा मुलगा इथे काय करतोय?" त्याने थट्टा केली. मीही हसलो.

आता म्हणशील, एवढी गुणाची आहे तर देतात कशाला. इथे रविवारी शहरातली माणसं मेंढ्यांना गवत भरवायला येतात. मागच्या महिन्यात एक शाळा आली होती. हानाने अकरा पोरं आणि एक मास्तरीण कुंपणाच्या कोपऱ्यात नेऊन उभी केली आणि शिट्टी होईपर्यंत हलू दिली नाहीत. मास्तरीण रडली. मालक म्हणाला, हिला काढा. मी म्हटलं, माझ्याकडे जागा आहे. इथल्या रंगाच्या कारखान्यातला आपल्याकडचा बोलोर सुट्टीवर मायदेशी चाललाय, तो विमानातून आणेल, पुढे दांबा.

ताई, तू फोन कापण्याआधी जे म्हणालीस ते बरोबर आहे. "थोरल्या लेकीने बापाची चूल सांभाळायची हे कुठे ऐकलंस?" कुठेच नाही. चूल धाकट्याची. म्हणून तर माझं नावही ओत्गोन, धाकटा. बाबांनी नाव शोधायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. त्यांचा गुडघा घोड्याखाली आला तेव्हा मी तिथे असायला हवं होतं, आणि आलीस तू, हातातली नोकरी सोडून. सुरेनला सांग, पांढऱ्या महिन्यापर्यंत, नव्या वर्षाच्या सणापर्यंत थांब. वायरमन माणूस आहे, खांबावर बसून वाट बघायची सवय असेल त्याला. पांढऱ्या महिन्याला मी येतो, चूल हातात घेतो, मग तू जा आणि लग्न कर. तोवर माझं काम हाना करेल.

आता शिट्ट्या. चार आहेत. कागदावर शिट्टी कशी लिहायची मला कळत नाही, पण बघ. डावीकडून कळपाला वळसा घालायचा असेल तर एक लांब, खालून वर चढणारी, कुणाला "अगं, खरंच?" असं विचारल्यासारखी. उजवीकडून घालायचा असेल तर दोन, पहिली आखूड, दुसरी लांब. सरळ कळपावर चालून जायचं असेल तर बारीक बारीक चार-पाच, बिळापाशी बसलेल्या तार्बागाच्या ओरडण्यासारख्या. थांबायचं असेल तर एकच लांब, सपाट, चुलीच्या नळकांड्यात वारा भरतो तशी.

हे बाबांना वाचून दाखव किंवा नको दाखवूस. माझं नाव निघालं की ते उठून बाहेर जातात असं दांबा म्हणाला.

तुझा धाकटा,
ओत्गोन


२१ ऑक्टोबर

ताई,

दोन ओळी का होईना, लिहिल्यास. मी त्या जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा वाचल्या की बरोबरचा नेपाळी विचारायला लागला, मुलीचं पत्र आहे का.

तू लिहितेस, "बाबा तिला नाव घेऊन हाक मारत नाहीत. पाहुणी म्हणतात. शिट्टी मी एकदाच वाजवली, वाडग्यामागे. बाबांनी हातातली काठी फेकून मारली. तुला काय झालं, तुझं डोकं तिकडे धुतलं की काय?"

मी विसरलोच, ताई. शपथेवर सांगतो, विसरलो. सात वर्षांचा असताना गेरच्या तंबूत शिट्टी मारली म्हणून बाबांनी तोंडावर चापट दिली होती, ओठ फुटला होता. हिवाळ्यात शिट्टी मारली की वारा येतो. हे काय कुणी सांगायला हवं? पण इथे सगळे शिट्ट्या मारतात. मालक मारतो, ट्रकवाला मारतो, मालकाची बायको भांडी घासताना मारते. काही होत नाही. दोन वर्षांत मीही मारायला लागलो. ही सवय कधी लागली ते कळलंच नाही.

आणि दुसरं. "तुझी कुत्री मेंढ्यांसमोर पोट जमिनीला लावून वाकते आणि डोळे लावून बघत राहते. आपल्याकडे मेंढ्यांकडे असं कोण बघतं, जरा आठव."

आठवलं. लांडगा बघतो.

मग हुरेलने तिचा कान फाडला यात त्याची काय चूक? लहानपणापासून कोकरांत निजवून त्याला एवढं एकच शिकवलं आहे. चार डोळ्यांचा कुत्रा, भुवयांवरच्या तांबड्या ठिपक्यांनीसुद्धा तो तेच बघतो. मी मालकाला विचारलं, तुमच्याकडे राखणीचं कुत्रं का नाही? तो म्हणाला, "राखण कशाची, तिकिटांची?" इथे लांडगे नाहीत. शंभर वर्षांत कुणी पाहिला नाही. मी अर्धीच गोष्ट बघितली आणि अर्धीच पाठवली.

पण यातून मार्ग निघेल. मी विचार केलाय. दिवसा हाना काम करेल तेव्हा हुरेलला साखळीला बांध. संध्याकाळी मेंढ्या वाडग्यात आल्या की त्याला सोड आणि तिला बांध. म्हणजे दिवस हिचा, रात्र त्याची. दोघांची गाठच नको. आणि शिट्टी मारायची तर कड्याच्या पलीकडे जाऊन मार, बाबांना ऐकू जाणार नाही.

ती झोपत नाही म्हणतेस, सोडली की वाडग्याभोवती गोल गोल फिरत राहते, पाय सोलवटेपर्यंत. नवी जागा आहे. रुळेल.

गुडघ्याला मेंढीची चरबी चोळतात का? चोळायला सांग. मी सांगितलं म्हणू नकोस.

ओत्गोन


८ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र काल आलं. त्यावर तारीख सोळा नोव्हेंबरची आहे. म्हणजे जे झालं ते होऊन तीन आठवडे झाले, आणि मी तीन आठवडे इथे जेवत होतो, झोपत होतो, रविवारी पोरांना मेंढ्या दाखवत होतो.

मी सांगितलं म्हणून तू हुरेलला बांधलंस. लांडगे दुपारी चारला आले, उजेडात. असं कधी होत नाही, हुरेल मोकळा असताना तर कधीच झालं नव्हतं. तू लिहिलंस, "साखळी ओढून ओढून त्याच्या गळ्याचं कातडं निघालं. मी कड्याच्या पलीकडे होते, तुझी शिट्टी वाजवत. तुझ्या पाहुणीने मेंढ्या एका ठिकाणी गोळा केल्या आणि धरून ठेवल्या. लांडग्यांना ताट वाढल्यासारखं."

एकोणीस.

त्यांत गाभण किती होत्या ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

बाबांनी हुरेलची साखळी काढून नदीत टाकली, हानाला गाडीच्या चाकाला बांधलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, एवढं दांबाने बोलोरला सांगितलं, बोलोरने मला. तू म्हणतेस बाबा तुला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, नाही का? ते गप्प बसतात तेव्हा गेरमधली हवा कशी होते मला माहीत आहे. मी त्या हवेतूनच उठून आलो.

आता मी काही सांगत नाही. मी सांगतो ते तीन आठवड्यांनी शिळं होऊन पोचतं, आणि तरी तू ऐकतेस, हेच मला सहन होत नाही. तू ऐकत जाऊ नकोस. तुला दिसतं ते कर. मला इथून फक्त कुंपण दिसतं.

हानाला दिवसातून एकदा तरी सोड. बांधून ठेवली की ती स्वतःचीच शेपटी चावते. हे सांगणं नाही, विनंती आहे.

तिकीट काढलं का विचारलंस. बघतोय.

ओत्गोन


१२ जानेवारी

ताई,

इथे बर्फ पडलाय. आपल्यासारखा कोरडा नाही, ओला, अंगाला चिकटणारा. मालकाने सगळ्यांना हातमोजे दिले, लाल रंगाचे. नेपाळ्याने एका रात्रीत एक हरवला. काल जेवायला खारवलेला कोबी आणि भात होता, परवाही तोच होता. माझा खोकला आता बरा आहे.

हे सगळं मी का लिहितोय तुला कळलं असेल.

मी पांढऱ्या महिन्याला येत नाही.

सुट्टी नाकारली असं लिहिलं होतं, तो कागद फाडला. आजारी आहे असं लिहिलं, तोही फाडला. खरं असं आहे की मी ऑगस्टमध्येच आणखी दोन वर्षांसाठी सही केली. ऑगस्टमध्ये, ताई. हानाला पिंजऱ्यात घालायच्या आधी. तुला "येतो" म्हणून लिहिलं तेव्हा सहीची शाई वाळून गेली होती.

येताच येणार नाही असं नाही. कुणी पायात साखळी घातलेली नाही. पण मुदतीआधी गेलो तर मला पुन्हा इथे येऊ देणार नाहीत, आणि मला पुन्हा यायचं आहे. एवढंच कारण. गेरच्या दारातून रोज तीच टेकडी दिसते, तिच्यावर तोच घोडा, तोच ढग, आणि मी म्हातारा होईपर्यंत तीच दिसणार हे मला सतराव्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. इथेही ठरत नाहीत. इथली टेकडी तर आपल्या टेकडीच्या निम्मीसुद्धा नाही. मग कशासाठी, असं विचारशील. मला सांगता येत नाही. आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाला ह्याला काय म्हणतात ते माहीत नसतं.

सुरेनला काय सांगशील? मी त्याला लिहू का?

बाबांना सांगू नकोस. किंवा सांग. तूच ठरव. मी सगळंच तुझ्यावर टाकतो, हेही टाकतो.

ओत्गोन


१९ फेब्रुवारी
पांढऱ्या महिन्याचा तिसरा दिवस

ताई,

हे पत्र दांबाला मिळेल की नाही माहीत नाही. रस्ते बंद आहेत म्हणतात.

आम्ही सातजण बोलोरच्या खोलीवर जमलो होतो. सुट्टी संपवून तो गेल्याच आठवड्यात परत आलाय. बूझ वळून उकडल्या, आतलं मांस डुकराचं होतं, पण वाफ तशीच येत होती. सगळ्यांनी घरी फोन लावले. ज्यांना लागले ते बाहेर जाऊन बोलले, आत येऊन पुन्हा ताटाशी बसले. बोलोरची आई म्हणाली, आपल्या बाजूला तीन दिवस वादळ आहे, उभ्या जनावरांची उभ्यानेच लाकडं झालीत.

मी तुला एकसष्ट वेळा फोन लावला. टेकडीवर तू नाहीस हे माहीत असून लावला. वादळात टेकडीवर कोण जाईल? पण फोन ठेवला की हाताला काम उरत नाही.

वादळात मेंढ्या वाऱ्याला पाठ देतात आणि चालत सुटतात. वारा नेईल तिकडे, पडेपर्यंत. हे मला माहीत आहे, मी चार वेळा त्यांना वळवलं आहे, बाबा घोड्यावर एका बाजूला आणि मी दुसऱ्या. दोघं लागतात. एकट्याने होत नाही.

हे पत्र मी इथेच थांबवतो. पुढे काही लिहिण्यासारखं नाही.


२३ मार्च

ताई,

आलं. जाड पाकीट. पाच पानं. एवढं तू मला आयुष्यात लिहिलेलं नाहीस. मी ते कितीदा वाचलं सांगत नाही. पण तुझं लिहिलेलं मी माझ्या हाताने एकदा लिहून काढतो, कारण मी तिथे नव्हतो आणि लिहिताना थोडा वेळ तिथे असल्यासारखं वाटतं.

दुपार होती. मेंढ्या दक्षिणेच्या उतारावर होत्या, हुरेल त्यांच्याबरोबर. वारा उत्तरेकडून एकदम उठला, तुला वाडग्याचं दार दिसेना. तू घोड्यावर बसलीस, पण मेंढ्या परत वळवायला घोडा वाऱ्याकडे तोंड करीना. तू परत आलीस आणि बाबांना म्हणालीस, "गेल्या."

बाबा काठी घेऊन उठले. बूट न बदलता, गेरमधल्या पातळ बुटांनी बाहेर गेले. गाडीच्या चाकापाशी जाऊन हानाची दोरी कापली. तू ओरडलीस, "तिला सोडून काय होणार? माझे ओठ फुटलेत, शिट्टी येत नाही." बाबांनी बोटं तोंडात घातली आणि वाजवली.

लांब, खालून वर चढणारी.

तू लिहितेस, "साठ हिवाळ्यांत त्या माणसाने शिट्टी मारलेली नाही. मला वाटलं वाराच ओरडतोय. मग थांबण्याची वाजवली, मग दोनची, मग बारीक बारीक. एकही चुकली नाही. मी म्हटलं, तुम्हाला कुणी शिकवलं? तर बुटात हात घालून कागद काढला. तुझं पहिलं पत्र. मी पेटीत ठेवलं होतं, कधी काढून घेतलं कळलं नाही. म्हणाले, तुझ्या भावाने लिहिलंय ना."

इथे मी पान उलटं ठेवून गोठ्यात जाऊन आलो.

तिने मेंढ्या आणल्या. पाऊण तासाने, वाऱ्याच्या तोंडावर. आधी आवाज नाही, काही नाही, मग बर्फातून एकदम मेंढ्यांची तोंडं. दोनशे चार मोजल्यास. हाना मागे, पोट जमिनीला लावून, अंगावर ओरखडा नाही. म्हणजे हुरेलने तिला हात लावला नव्हता. त्याने तिला बघितलं असणार, वाकलेली, डोळे लावलेली, आणि जाऊ दिलं. का जाऊ दिलं ते तोच जाणे.

तो आला नाही. मागे राहिलेल्यांबरोबर राहिला. चौथ्या दिवशी वारा पडला तेव्हा तुला घळीत अकरा मेंढ्या सापडल्या, उभ्या, जिवंत, एकमेकींना चिकटून. वाऱ्याच्या बाजूला हुरेल आडवा पडला होता, आणि त्याच्या पाठीवर बर्फाची भिंत झाली होती.

बाबा पाय ओढत तिथपर्यंत आले. कुणाचा पाय पडणार नाही अशा उंच जागी त्याला ठेवलं, शेपटी कापून डोक्याखाली दिली, तोंडात चरबीचा तुकडा घातला. कुत्रा पुढच्या जन्मी माणूस होतो, म्हणून ठेवताना त्याच्या कानात नीट जा असं सांगतात. बाबांनी जे सांगितलं ते तुला ऐकू आलं आणि तू ते लिहिलंस. लिहिलं नसतंस तरी चाललं असतं. "माणसाचा जन्म मिळाला तर धाकटा होऊ नकोस. जमायचं नाही तुला, तू घर सोडणारा नाहीस."

शेजारचा गोंबो आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, तू शिट्टी मारलीस म्हणून वारा तीन दिवस राहिला. माझ्या सत्तर बकऱ्या गेल्या." बाबा म्हणाले, "मी कुत्रीला बोलावलं. वारा आगाऊ आहे, न बोलावता आला." पण त्या रात्रीपासून ते झोपत नाहीत म्हणतेस. पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढली. तुझ्या चौथ्या पानावर ही एकच ओळ आहे. बाकी पान कोरं सोडलंस.

माझ्या जानेवारीच्या पत्राचं उत्तर तू एका वाक्यात दिलंस. "तू येणार नाहीस हे मला कुत्री आली त्याच दिवशी कळलं होतं. जो येणार असतो तो बदली पाठवत नाही."

सगळा हिवाळा तुला माहीत होतं. आणि तू सुरेनला थांब म्हणत राहिलीस.

आता शेवटचं पान. हानाला बाबांनी गेरमध्ये घेतलं. कुत्रं उंबऱ्याच्या आत, आपल्या घरात. दाराशी डाव्या हाताला निजते ती, माझं अंथरूण असायचं तिथे. आणि सुरेन तुला न्यायला आला, तू म्हणालीस, बाबांना एकटं टाकून मी कशी येऊ. तेव्हा बाबा चहा पीत होते. वाटी खाली न ठेवता म्हणाले, "तू जा. ओत्गोन आहे घरी."

तू दाराकडे बघितलंस. तुला वाटलं, मी आलो.

ताई, ते चिडून म्हणाले की नुसतं म्हणाले? तू तिथे होतीस. चेहरा कसा होता? ते तिला नेहमी त्याच नावाने हाक मारतात, की त्या दिवसापुरतं? मी गेल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडातून निघालं नव्हतं, तूच सांगायचीस. आता दिवसातून वीस वेळा निघत असेल. पाणी पी. इकडे ये. बस.

कोकरं झाली की जा. मागे वळून बघू नकोस, तू वळलीस तर ते पुन्हा गप्प होतील. सुरेनला म्हणावं, माझ्या वाट्याचं लग्नाचं जेवण त्याने खाल्लं तरी चालेल.

सही काय करायची मला सुचत नाही.


१६ एप्रिल

बाबा,

तुम्हाला पहिल्यांदा लिहितोय. ताई सुरेनकडे गेली असेल, आता वाचून दाखवायला कुणी नाही. पण तुम्ही माझी पत्रं स्वतः वाचता हे मला कळलं आहे. तुम्ही वाचत होता आणि मी ती ताईच्या नावाने लिहीत होतो, त्यामुळे काही ठिकाणी जरा जास्त मोकळं लिहिलं गेलं असेल.

पायाचं विचारत नाही. विचारून काय करणार? इथून मी चरबीसुद्धा चोळू शकत नाही. गोंबो त्याचा तंबू तुमच्या जवळ आणतो म्हणाला, असं दांबाकडून कळलं. तो बोलेल ते ऐकून घ्या, त्याच्या सत्तर बकऱ्या गेल्यात.

मी येतो असं लिहीत नाही. तो शब्द मी खर्चून बसलोय.

एक कामाचं आहे, तेवढ्यासाठी लिहितोय. ती झोपत नाही, सोडली की अजून वाडग्याभोवती फिरत राहते, पाय सोलून घेते, असं ताईने ऑक्टोबरातही लिहिलं होतं आणि मार्चमध्येही. मी म्हटलं होतं रुळेल. परवा मालकाला विचारलं. तो म्हणाला, "तू तिला घरी बोलावण्याची शिट्टी दिलीस ना?" मी म्हटलं, शिट्ट्या चारच आहेत. तो हसला नाही. म्हणाला, "पाच आहेत. पाचवी रोज संध्याकाळी वाजते. तू कुठे असतोस?"

त्या वेळी मी गोठ्यात असतो. फावडं दगडावर वाजत असतं. अडीच वर्षं झाली, ती शिट्टी मी ऐकलेलीच नाही. म्हणून तुम्हाला चारच लिहिल्या. डावीकडे, उजवीकडे, चाल, थांब. तिला वाटतंय काम अजून चालू आहे. कुणी संपलं म्हणून सांगितलंच नाही, तर ती थांबणार कशी? वादळात तिने मेंढ्या आणल्या तेव्हाही कुणी सांगितलं नाही. ती अजून त्यांना आणतेच आहे.

काल संध्याकाळी मालक हानाच्या जागी आणलेल्या कुत्र्याला बोलावत होता, तेव्हा मी फावडं ठेवून बाहेर गेलो आणि ऐकली. सोपी आहे. दोन आखूड, पहिली वर, दुसरी तिच्याखाली उतरती. जोरात वाजवायची नाही. जेवायला बसल्यावर एखादं माणूस दिसलं नाही की आपण दारातून हाक मारतो, तेवढ्याच जोरात.

आता वारा नाही. हिवाळा गेला, आता शिट्टी चालते. मेंढ्या आत आल्या, दार लागलं, की दारात उभे राहून एकदा वाजवून बघा. ती कितीही लांब असली तरी ऐकते. ऐकलं की मेंढ्यांकडे बघणं सोडते आणि सरळ घरी येते.

आली की तिला नावाने हाक मारा.